व्हिगाला आत न्यायचं का

घोडीच्या तोंडाला बांधायच्या मोरकीच्या पितळी बकलात काही केस अडकलेले होते. मुळाशी पांढरे, टोकाकडे तांबूस. बकलाच्या जिभेला बारीकशी चीर होती आणि केस नेमके त्या चिरेत रुतले होते, म्हणून उन्हाळा सरला तरी ते निघाले नव्हते. एप्रिलपासून ही निळी मोरकी आमच्या मागच्या दाराजवळ, पावसाळी कोटांच्या शेजारच्या खुंटीला लटकत होती. आज सकाळी खुंटी रिकामी दिसली. मोरकी व्हिगाच्या पाठपिशवीत सापडली, काळ्या पावाच्या डब्याभोवती गुंडाळलेली. बाजूला गाजरं होती. धुतलेली.

मी पिशवी होती तशी बंद केली.

व्हिगा माझी मुलगी. गेल्या महिन्यात तिला पाच वर्षं पूर्ण झाली, आणि वाढदिवसाला तिच्या आजीने, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ट्रोल्सच्या आईने, तिला एक सफर भेट दिली. आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर एक मोठं उद्यान आहे. अर्ध्या भागात पाळणे आणि घसरगाड्या, अर्ध्या भागात सिंह, जिराफ, अस्वलं. शरद ऋतूतल्या शाळेच्या सुट्टीत तिथे मुलांना आतल्या बाजूला नेतात. प्राण्यांचं अन्न जिथे तयार होतं ते दाखवतात, एखादा मेलेला प्राणी ओट्यावर उघडून दाखवतात आणि मग तो सिंहांना घालतात. तिकिटावर छापलेलं होतं, वयाची अट नाही, मूल तयार आहे का हे पालकांनी ठरवावे.

ते ठरवणं माझ्याकडे आलं होतं. ट्रोल्स म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." त्याचं स्वतःचं मत न्यावं असं होतं, पण सध्या बीटची काढणी चालू होती आणि तो दिवसभर शेतात असे. मी महिनाभर "बघू" म्हणत होते.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एखादा आकडा संशयास्पद आला तर मी नमुना पुन्हा मागवते. या बाबतीत मी तेच केलं होतं. व्हिगाला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं होतं.

रोसिन ही ट्रोल्सच्या लहानपणीची शेटलंड जातीची बुटकी घोडी. शेवटी तिचे दात गेले, चघळलेलं गवत तोंडातून तसंच गळून पडायचं. एप्रिलमध्ये आम्ही तिला त्याच उद्यानाला दिलं. आमच्याकडे लोक तसं करतात. सिंहांना कातडी-हाडांसकट आख्खा प्राणी लागतो, आणि थकलेल्या घोड्याला खड्ड्यात पुरण्यापेक्षा ते बरं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं. मुलांपासून काही लपवायचं नाही हेही आमच्याकडे सगळ्यांना पटलेलं. म्हणून ट्रोल्सने जेवताना व्हिगाला सरळ सांगितलं, "रोसिनला आता खाता येत नाही. उद्यानातले डॉक्टर तिला मारतील, तिला दुखणार नाही. मग सिंह तिला खातील. म्हणजे ती उपयोगी पडेल."

व्हिगाने विचारलं, "सगळे सिंह, की एकच?"

"सगळे."

"मला अजून एक बटाटा."

एवढंच. ट्रोल्सला तिचा अभिमान वाटला, आणि त्या रात्री मलाही.

मग जूनमध्ये तिने विचारलं, "रोसिनला बघायला कधी जायचं?"

तिला सिंह बघायचे असतील असं मी धरून चालले. तरी खात्रीसाठी विचारलं, "रोसिन मेली आहे ना?"

"हो."

"मेलेला प्राणी परत येतो का?"

"नाही. पण आपण जाऊ शकतो ना तिकडे."

आणखी काही दिवसांनी, तिला आंघोळ घालताना मी विचारलं, "रोसिनला आता भूक लागते का गं?"

"तिला नेहमीच भूक लागते, आई," ती म्हणाली. मला एवढंही माहीत नाही याचं तिला आश्चर्य वाटलं.

आज गाडी मी चालवत होते. मागे व्हिगा, तिच्या शेजारी तिची आजी, बिर्थे. व्हिगा खिडकीला नाक लावून पवनचक्क्या बघत होती. बिर्थेने पुढे वाकून हळूच विचारलं, "अजून ठरत नाही तुझं?"

"नाही."

"अगं, तू हिला काचेच्या बरणीत वाढवणार आहेस का? मी हिच्याएवढी होते तेव्हा डुक्कर कापलं की रक्त ढवळायला मला बसवायचे. ढवळलं नाही तर गुठळ्या होतात."

"मग तुला काय वाटायचं?"

"हात दुखायचा."

मला हसू आलं. बिर्थेसमोर वाद टिकत नाही, कारण ती वाद घालतच नाही.

"पण ते डुक्कर तुझ्या ओळखीचं होतं का?"

"ओळखीचं? रोज मीच तर त्याला सालं घालायचे." ती मागे टेकून बसली. "मुलांना खरं सोसतं गं. मोठ्यांना सोसत नाही."

हे खरं असेल. मलाच सोसत नसेल. एप्रिलमध्ये उद्यानापाशी ट्रोल्स रोसिनला गाडीतून उतरवत होता तेव्हा मी खाली उतरलेच नव्हते. व्हिगा उतरली होती. तिने काय पाहिलं ते मी तिला कधी विचारलं नाही.

उद्यानात घसरगाडीवरून किंचाळ्या येत होत्या. व्हिगाने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. प्राण्यांच्या बाजूला, एका हिरव्या लाकडी दारापाशी पाचसहा कुटुंबं उभी होती. गमबूट घातलेली एक तरुण मुलगी पुढे आली.

"मी सोल्वाय. आत आधी अन्नघर, मग ओटा. आज ओट्यावर घोडा आहे. आम्ही त्याला उघडतो, ज्याला हवं त्याला हृदय हातात घेता येईल. कुणाला नकोसं वाटलं तर कधीही बाहेर या, त्या कुंपणात शेळ्या आहेत. मुलांना आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी कारण विचारणार नाही."

"आणि बापाला नकोसं वाटलं तर?" मागून एक जण म्हणाला.

"शेळ्या बापांनाही घेतात."

सगळे हसले. मी पुढे होऊन विचारलं, "घोडा कुठल्या रंगाचा आहे?"

सोल्वायने माझ्याकडे पाहिलं. "तांबडा. घोडेस्वारीच्या शाळेतला, म्हातारा. का हो?"

"सहज."

रोसिनही तांबडी होती. अर्थात ती फार लहान होती, हा घोडा मोठा असणार. पण आडवा पडलेला घोडा पाच वर्षांच्या मुलीला किती मोठा दिसतो, ते मला माहीत नव्हतं.

मागे वळले तर व्हिगाने पिशवी उघडून मोरकी बाहेर काढली होती. पट्टे सरळ करत होती, ट्रोल्स करायचा तसे, आधी नाकावरचा, मग कानामागचा.

"ही कशाला आणलीस?" बिर्थेने विचारलं.

"लावायला."

"कुणाला?"

व्हिगाने कानामागचा पट्टा ओढून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे आली तेव्हा त्या माणसाने ही काढली आणि बाबाला परत दिली. मोरकीशिवाय ती नीट चालत नाही. मध्येच गवत खायला थांबते."

"अगं पिल्ला," बिर्थे म्हणाली, "रोसिनला सिंहांनी खाल्लं. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे!" व्हिगा वैतागली. "पण आता खाऊन झालं असेल ना?"

बिर्थेने उघड्या पिशवीत वाकून पाहिलं आणि तिला गाजरं दिसली. 

आम्ही काय काय सांगितलं होतं ते मी आठवून पाहिलं. ती कशी मरेल हे सांगितलं होतं. दुखणार नाही हे सांगितलं. कोण खाईल, का खाईल, सगळं. ती जाईल, ती मरेल, ती उपयोगी पडेल. प्रत्येक वाक्यात रोसिन होती. ती नसेल, असं एकही वाक्य नव्हतं. आमच्या मोकळेपणाचा आम्हाला इतका भरवसा होता की ते राहून गेलंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग आता आत न्यायचं, की नाही? माझं शिक्षण सांगत होतं, दाखव तिला. थांबलेलं हृदय हातात घेतलं की कळेल, माझ्या प्रश्नांनी कळलं नाही ते. आणि लगेच वाटत होतं की तिला हृदय दिसणारच नाही. तिला मोरकी नसलेली तांबडी घोडी दिसेल. ती सापडली म्हणून ही धावत जाईल. त्यानंतर जे होईल ते समजणं असेल की आणखी काही, हे मला काही केल्या ताडता येईना.  बिर्थे अजून गाजरांकडे बघत होती.

बाकीची कुटुंबं आत गेली. सोल्वायने दार पायाने अडवून धरलं.

"तुमचं काय?" तिने विचारलं. "येताय ना?"

व्हिगाने एक पाऊल टाकलं. "बघू" माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि ओल्या वाळूत तिच्यासमोर गुडघे टेकले. मोरकीची दुसरी बाजू माझ्या हातात आली.

"व्हिगा, रोसिन आत नाही."

"मग कुठल्या दारात आहे?"

"कुठल्याच नाही. सिंहांकडे नाही, घरी नाही. ती आता कुठेच नाही. हे आम्ही तुला सांगायचं राहिलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी सोल्वायकडे मान वर केली.

"नाही," मी म्हणाले. "आज आम्ही आत येत नाही."