पोच नसलेले दोन भाऊ

माझे सासरे यज्ञेश्वरबाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ मोहनकाका एकाच जिन्याच्या दोन बाजूंना राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण जागेचं नाही, दागिन्यांचंही नाही. आजेसासूबाई गेल्या तेव्हा शेवटचं म्हणाल्या, "बाळ, पाणी दे." दोघेही उशाशी होते, आणि दोघांनाही त्या जन्मभर बाळच म्हणत आल्या होत्या. "मला म्हणाली", "नाही, मला म्हणाली" या ओढाताणीत तांब्या लवंडला आणि आजी तशाच गेल्या. साठी उलटलेली दोन बाळं, दोघेही बालाजी घाटावरचे नावाजलेले पुरोहित, त्यानंतर वर्षभर तोंड फिरवून बसले. मी पुण्याहून लग्न होऊन इथे काशीला आले, पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवते, आणि माझं स्पष्ट मत आहे की दोघांनाही काडीची पोच नाही.

वर्षश्राद्ध आलं. वाटण्या झालेल्या, म्हणून दोघं आपापल्या घरात वेगवेगळं घालणार. दोघांची बहीण इंदूआत्या नाशिकला मांडीचं हाड मोडून पडलेल्या. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "निवेदिता, त्या दिवशी आईला पाणी मिळालं नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता मिळालेलंही डोळ्यांनीच बघू दे."

तशी सोय दोन्ही घरांत होती. परदेशातल्या यजमानांना विधी दाखवायला दोघांनी कॅमेरे घेतले होते. एकमेकांना न सांगता, एकाच दुकानातून, तोच नकली स्वस्त माल. इंटरनेटची लाइन मात्र एकच. दुसरी तार माकडांनी कुरतडली, म्हणून जिन्यातल्या एका डबीतून दोन्ही घरांत वायरी गेल्या आहेत.

सकाळी बाबा ओरडले, "सूनबाई, हे फिर अटकलं! इंदूला माझं अर्धंच तोंड दिसतंय म्हणे."

समोरच्या दारातून काका म्हणाले, "माझं पण अटकलंय. सांग त्यांना, माझी लाइन खाऊ नका."

"सांग त्याला, माझं नेट ठीक चाललं होतं, त्याने चालू करेपर्यंत."

काकांची वायर काढली की बाबांचं चित्र सुरळीत चाले, बाबांची काढली की काकांचं. मी दोन्ही कॅमेरे उलटे करून मागचे आकडे वाचले आणि जिन्यातच हसत सुटले.

"हसायला काय झालं?" बाबा म्हणाले.

"बाबा, संकल्पात तुम्ही नाव आणि गोत्र का सांगता?"

"म्हणजे ज्याचं त्याला पोचावं."

"तसाच प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक पत्ता दिलेला असतो. सगळे निरोप तुकड्यातुकड्यांनी जातात, आणि प्रत्येक तुकड्यावर कुणाकडून, कुणाला, हे लिहिलेलं असतं. ही जिन्यातली डबी फक्त एवढंच लक्षात ठेवते, की हा पत्ता शेवटचा कुठल्या दारातून बोलला. उत्तर आलं की त्या दारात टाकते. तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांचा पत्ता एकच आहे. कारखानदाराने आळस केलाय."

"म्हणून?" काका दारात आले.

"म्हणून काका बोलले की बाबांची उत्तरं काकांकडे, बाबा बोलले की उलट. आपलं पोचलं अशी पोच कुणालाच मिळत नाही. दोघे तेच तेच बोलत राहतात आणि अडकतात."

मला वाटतं, त्यांना कॅमेऱ्यापलीकडचंही काही ऐकू आलं असावं. मग काकांनी विचारलं, "इलाज?"

"एकच कॅमेरा, एकच जागा. दोघांनी एकत्र बसायचं."

आणखी दोन इलाज होते. एका घराची वायर वेगळ्या डबीतून नेता आली असती, आणि काहीच नाही तर माझ्या फोनवरूनही दाखवता आलं असतं. एवढं शिकून नेमकं तेच कसं सुचलं नाही, हे मला कृपा करून कुणी विचारू नये.

बसले. पाट इतके लांब मांडले की मधून गाय गेली असती. तीळ, दर्भ, तांब्या मधोमध. पहिलं पाणी कुणी सोडायचं यावर गाडी अडलीच.

"सांग त्याला, थोरला मी आहे."

"सांग त्यांना, थोरलेपण त्या दिवशी पाहिलं."

माझ्या तोंडाशी एक अस्सल बनारसी शिवी आली होती. तेवढ्यात कॅमेऱ्यातून आवाज आला. आत्यांचाच, पण हुबेहूब आजींचा.

"बाळ, पाणी दे."

दोघांचे हात एकदम तांब्यावर पडले. तांब्या डगमगला. काकांनी ओढला नाही, आणि बाबांनीही नाही.

"मोहन, हात सोडू नको," बाबा म्हणाले. 'सांग त्याला' नाही. मोहन.

दोघांनी मिळून तांब्या कलता केला. बाबांच्या तळहातावरून, काकांच्या बोटांवरून तिळाचं पाणी ताम्हनात पडलं. बाबांनी कॅमेऱ्याकडे मान वळवली. "इंदू, पोचलं का गं?"

पलीकडून काहीच येईना. पुन्हा अडकलं की काय म्हणून मी वायर चाचपली. वायर ठीक होती. आत्या रडत होत्या.

"पोचलं," त्या म्हणाल्या.