परक्या मोटरसायकलचा हीटर

रेयोची स्वतःची मोटरसायकल गॅरेजच्या दाराशी गारठत उभी, आणि विर्पीच्या मोटरसायकलला मात्र हीटर! सिर्का हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि रोज तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. संध्याकाळची कॉफी झाली की नवरा बूट चढवणार, "हीटर बघून येतो" म्हणणार, आणि तासभर फिरकणार नाही. हीटर बघायला काय लागतं हो? मान वळवली की दिसतो.

विर्पी रेयोच्या मोटरसायकल क्लबातली. एकटी, तळ्यापलीकडे फ्लॅटमध्ये राहणारी. तिला गॅरेज नाही, म्हणून हिवाळ्यापुरती तिची लाल गाडी यांच्याकडे. इथवर सिर्काची ना नव्हती. पण सप्टेंबरात विर्पी ती गाडी रेसच्या ट्रॅकवर घेऊन गेली होती. ट्रॅकवर रेडिएटरमध्ये थंडीत न गोठणारं ग्लायकॉल चालत नाही. सांडलं तर रस्ता तेलासारखा निसरडा होतो आणि मागून येणारा आपटतो, म्हणून नुसतं पाणी भरायचं. परत आल्यावर पाणी काढून पुन्हा ग्लायकॉल भरायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाहीतर थंडीत पाण्याचा बर्फ होतो, फुगतो, आणि इंजिन आतून तडकतं.

रेयोनं स्वतःच्या गाडीचं सगळं ऑक्टोबरातच तपासून ठेवलं होतं. विर्पीच्या गाडीत मात्र पाणी तसंच.

"अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाक ना," सिर्का म्हणाली होती.

"वसंतात ती लगेच ट्रॅकवर जाणार. उगाच काढा-घाला कशाला? हीटर आहे की."

"माझे पाय रात्रभर बर्फ असतात. मला नाही कधी हीटर लावलास."

"तुझ्या पायात पाणी नाहीये, सिर्का."

स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. मेल्याला वाटलं, फार मोठा विनोद केला.

तिचं मागणं तरी काय होतं? नवऱ्यानं संध्याकाळी घरात बसावं, एवढंच. पूर्वी बसायचा. दोघं रेडिओ ऐकत शेजाऱ्यांची टर उडवायची. आता रेडिओ तिच्या एकटीशी बोलायचा.

जानेवारीत रेयो दोन-तीन दिवसांसाठी भावाकडे औलूला निघाला. कारमध्ये बसता बसता म्हणाला, "हीटरवर लक्ष ठेव हं. उणे तीसपर्यंत उतरणार म्हणतात." बायकोला जप म्हणायचं त्याला सुचलं नाही.

त्याची कार वळणाआड गेली आणि सिर्का तडक गॅरेजमध्ये गेली. तिनं हीटरचा प्लग उपटला. "मर आता!" लाल गाडीला ती म्हणाली. फार बरं वाटलं. पण घटकाभरच. तिच्या वडिलांचं गावात दुरुस्तीचं दुकान होतं, ती पाने-पकडींत वाढलेली. धडधाकट इंजिन मुद्दाम फुटू द्यायचं? त्या यंत्रानं तिचं काय घोडं मारलं होतं?

मग तिच्या डोक्यात आलं, पाणीच नसलं तर हीटर कशाला? आणि हीटर नसला तर रेयो तरी कशाला येईल इथं? ती मोठ्यानं हसली. तिनं खाली टब सरकवला, रेडिएटरचं झाकण उघडलं, पंपाखालचा बोल्ट सोडला. पाणी भळाभळा वाहू लागलं.

तेवढ्यात दारात विर्पी उभी. हातात भाताचं सारण भरलेल्या गरम भाजक्या पुऱ्यांचा डबा.

"अगं, तू करतेयस? रेयो कुठंय?"

"का? तुझ्या गाडीला त्याचाच हात लागतो?"

विर्पी टबाकडे बघत राहिली. "हे तर पाणी आहे! मी ऑक्टोबरात त्याला ग्लायकॉलचा डबा आणून दिला होता. भरलं म्हणाला की मला!"

सिर्कानं फळीवरचे रंगाचे डबे बाजूला सारले. मागे ग्लायकॉलचा डबा होता. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"तू संध्याकाळी येतेस का इथं?" तिनं सरळच विचारलं.

"मी? छे गं! तोच फोन करतो. गाडी बरी आहे म्हणून सांगतो." विर्पीचे कान लाल झाले. "रोज करतो. मला वाटलं, तूही त्याच्या शेजारीच बसलेली असतेस. खरं सांगू, मला कंटाळा आलाय त्याचा."

ही बया सटवी निघाली असती तर किती सोपं झालं असतं! चार शिव्या हासडून सिर्का मोकळी झाली असती. आता शिव्या द्यायच्या कुणाला? दोघींनी ग्लायकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं मिसळून भरलं. दार उघडं ठेवून इंजिन चालू केलं, गरम होऊन मिश्रण कानाकोपऱ्यात फिरेपर्यंत थांबल्या, पातळी उतरली तेवढं पुन्हा भरलं. मग सिर्का हीटर उचलून घरी घेऊन आली.

रेयो परतला तो हीटर स्वयंपाकघरात बघून दचकला.

"गाडीतलं पाणी काढलं," ती म्हणाली. "ग्लायकॉल भरलं."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुला सांगितलं होतं. विर्पीनं. ऑक्टोबरात."

तिनं कॉफी ओतली, रेडिओ लावला. बस बाबा आता, ती मनात म्हणत होती. एकदा बस, मी काही विचारणार नाही. त्यानं अर्धा कप प्यायला, खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघितलं, आणि बूट चढवले.

"आता काय बघायचंय तिथं?"

"असंच. एक नजर टाकून येतो."

गॅरेजचा दिवा लागला. फोन कानाला लावलेला रेयो तिला खिडकीतून दिसला. त्यानं फोन खाली घेतला, बघितलं, पुन्हा लावला. पुन्हा खाली घेतला. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

सिर्कानं त्याची उरलेली कॉफी मोरीत ओतली. दाराला आतून कडी घातली, हीटर पायांशी ओढला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

बऱ्याच वेळानं दार वाजलं.

"सिर्का! अगं, उघड! गोठलो मी!"

"तिच्यात ग्लायकॉल आहे, ती नाही गोठायची," सिर्का आतून ओरडली. "तू तुझं बघ!"