फटी नसलेलं अक्षर

लाकडी खोक्यांच्या कारखान्यात थोरली जाऊ ब्रशने नावं रंगवायची. जाड, चौकोनी खांद्यांचं अक्षर. लांबून वाचलं तरी चुकायचं नाही. मग दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ त्याच कारखान्यात लागली आणि पत्र्यात अक्षरं कापून तिने स्टेन्सिल केली. पत्रा टेकवायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, झालं काम. थोरलीचं एक खोकं होईतो धाकटीची रांग वाळत पडलेली असायची.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण ते अक्षर लोकांना आवडलं. पिंपांवर गेलं, पाण्याच्या टाकीवर गेलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याने पाटीवर घेतलं. एका शिंप्याने तर सदऱ्यांच्या पाठीवर छापलं. थोरली जाईल तिथे धाकटीचं अक्षर छाती काढून उभं.

"अक्षर कसलं, दात पडलेली म्हातारी!" थोरली म्हणायची. "जिथे बघावं तिथे फट."

"फट ठेवावीच लागते, जाऊबाई. तिच्यामुळेच तर..."

"मला शिकवू नकोस गं. तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ब्रश धरतेय मी."

नव्या गोदामाच्या दारांवर 'सावधान' लिहायचं निघालं. मुकादम म्हणाला, दोघी एकेक दार करून दाखवा. जिचं बरं, तिला सगळी दारं. थोरलीने ठरवलं, आपणही पत्राच कापायचा, पण अखंड, एकही फट न ठेवता. घरी दार लावून ती कापायला बसली. 'व' कापताना त्याच्या पोटातला तुकडा टपकन खाली पडला. पडणारच, त्याला धरायला काही उरलंच नव्हतं. त्यात काय, दाराला गोंदाने चिकटवू, असं म्हणून तिने तो पदराला बांधला.

सगळ्यांसमोर बोळा फिरला आणि गोंद ओला होऊन तुकडा घसरला. पत्रा उचलला तर 'व'चं पोट गच्च काळं.

"वहिनी, याला अपचन झालं की हो!" मुकादम म्हणाला. सगळे खो खो हसले. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

धाकटी तेवढी हसली नाही. "मुकादमकाका, अक्षर मुळात यांचंच आहे," ती म्हणाली. "यांच्या जुन्या खोक्यांवर कागद ठेवून मी गिरवलं. मधला तुकडा धरायला पट्ट्या ठेवल्या, त्याच या फटी."

थोरलीने शेजारच्या, धाकटीने रंगवलेल्या दाराकडे पाहिलं. तोच चौकोनी खांदा, तीच जाड उभी रेघ. खरं तर तिने सुखावायला हवं होतं. पण मेलं आपलंच अक्षर हिच्या हातात इतकं देखणं दिसावं, की आपल्यालाच ओळखू येऊ नये? हे तिला लोकांच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू देता कुठे!"

मुकादमाने सगळी दारं धाकटीला दिली. थोरली निघाली, अर्ध्यावरून परत आली.

"'व'ची फट फार वर घेतलीस. माझ्या अक्षराला नाही शोभत ते. खाली घे."

धाकटीने खडू पुढे केला. थोरलीने खूण करून दिली, पण तिच्या तोंडाकडे काही बघितलं नाही.