कुंडातली हळद

धोंडूवर माझा संशय होता आणि तो मी लपवलाही नव्हता. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून मनातलं मनात ठेवणं मी बंदच केलंय. आई म्हणते, "ढाल मिळाली शाळेला, आणि धार आली हिच्या जिभेला." म्हणू दे.

आम्ही राहतो करवंदी तलावाच्या क्वार्टरात. मुलुंडच्या मागे डोंगर चढायला लागतो ना, तिथे इंग्रजांच्या वेळचा मातीचा बांध आहे. माझे बाबा तिथले ओव्हरसियर, आणि धोंडू राखणदार. गावातल्या बंगल्यांचे नळ ह्याच तलावावर चालतात. बांधाच्या पायथ्याशी वर दगडी छत असलेलं एक कुंड आहे. त्याच्याही खाली, नाल्याच्या काठाला, पाडा. पाड्यात माझ्या वर्गातली कमळ राहते. तिची आई, अंजनाबाई, नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवते. बांधाला काही झालं तर पहिलं घर जाणार ते कमळचं. हे मी लहानपणापासून ऐकतेय, कारण बाबा जेवतानासुद्धा बांधाबद्दलच बोलतात.

"मातीच्या बांधाला घाम येतोच, पमे. नितळ पाणी झिरपतंय तोवर खुशाल झोपावं. गढूळ आलं, की समजायचं, आतली माती चाललीय."

कुंडातलं पाणी म्हणजे तोच घाम. बायकांच्या लेखी मात्र ती देवी. श्रावणातल्या शुक्रवारी त्या कुंडात हळदकुंकू वाहतात, नारळ सोडतात, आणि श्रावणभर पुरुषांनी त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. बाबासुद्धा उतरत नाहीत. ते वरूनच आईला विचारतात, "कुंड कसं आहे?"

यंदा आईने सांगितलं, "पिवळंधमक. हळद काय थोडी पडते?"

बाबा हसले आणि विषय संपला.

माझा मात्र संपला नाही. कारण सोमवारी कमळबरोबर शाळेतून येताना मी कुंडात डोकावले, तर पाणी तसंच पिवळं. कुंडाचं पाणी वाहतं आहे, एका बाजूने येतं नि दुसरीकडून नाल्यात जातं. शुक्रवारची हळद सोमवारपर्यंत टिकेल कशी?

"देवीनं हळद धरली म्हणतात," कमळ म्हणाली. "भांडुपहून बायका येऊन गेल्या बघायला."

"आणि नारळ कोण गोळा करतं?"

"पाण्यातले काढायचे नसतात. जानकी बसते ना तिथं राखायला. धोंडूची बायको."

"बघ! हळद हाच टाकतो रोज. चमत्कार वाढला की नारळ वाढले."

"तुला काय सगळे चोरच दिसतात गं," कमळ म्हणाली, पण तिचे डोळे चमकले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी आम्ही करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसलो. आणि आला की हो धोंडू! काखेत गोणपाट, पुढे बघ, मागे बघ. श्रावण असून सरळ पायऱ्या उतरला. काय केलं ते छतामुळे दिसलं नाही. वर आला तेव्हा गोणपाट फुगलेलं होतं. आम्हाला बघून असा दचकला, की म्हटलं, खेळ खलास.

"काय धोंडूकाका, कुठे गेलेलात?"

"खंय? हयच तर व्हतंय," तो म्हणाला आणि झपाझप वर निघून गेला.

आता पुरावा हवा होता. तो कसा मिळवायचा हे मला माझ्या परकराने शिकवलंय. परकरावर हळदीचा डाग पडला आणि घाईने साबण लावला, की तो लालभडक होतो. कुठल्याही मुलीला विचारा. मग कुंडाचं पाणी पांढऱ्या रुमालावर घ्यायचं, साबण चोळायचा, आणि लाल झालं की सगळ्या बायकांना विचारायचं, ही देवीची हळद की वाण्याची?

(वाण्याची आणि देवीची हळद वेगळी कशी ओळखणार, असं कमळने विचारलं होतं. मी म्हटलं, देवी हळद दळायला जाते का?)

गुरुवार निवडला. शुक्रवारची हळद तोवर वाहून गेलेली असणार, तरी पाणी पिवळं म्हणजे ते धोंडूचंच काम. पाऊस उघडला होता, कुंडाशी बऱ्याच बायका होत्या. जानकी पायरीवर बसलेली. अंजनाबाई भाजीची टोपली ठेवून नमस्कार करत होती. मी छतावर चढले.

"आयांनो, मावश्यांनो!" मी सुरुवात केली. "आपल्याला कुणीतरी फसवतंय."

"ही ओव्हरसियरची ना?" एक बाई म्हणाली. "खाली उतर आधी, देवीच्या डोक्यावर चढलीस!"

मी उतरले. रुमाल कुंडात बुडवला, पिळला, सगळ्यांना दाखवला. पिवळट डाग पडला होता. कपड्याचा साबण काढून खसाखसा चोळला.

"आता हा लाल होईल."

झाला नाही. मी आणखी चोळला. फेस आला, डाग मळकट पिवळा तो तसाच.

"झालं का गं धुणं?" जानकी म्हणाली. "का आमचे कपडेपण आणू?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. ढालीचा काही उपयोग नाही अशा वेळी. रुमाल धुऊन टाकावा म्हणून चोळला, तर बोटांना काहीतरी करकरीत लागलं. परत चोळलं. बारीक, रव्यासारखं.

हळद करकरत नाही.

मी कमळकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिलाही बाबांचं घाम नि गढूळ पाणी पाठ झालंय, आमच्याकडे किती वेळा जेवलीय. "पमे," ती हळूच म्हणाली, "ही माती आहे?"

जानकीचा तांब्या मी न विचारता उचलला, जिथून पाणी कुंडात येतं त्या भेगेशी धरून भरला, आणि पळत सुटले.

बाबा बांधावर धोंडूशी बोलत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी तांब्यात बघितलं.

"पावसाचं गढूळ असेल."

"छत आहे वर! आणि पाऊस कुठाय बाबा?"

"हळद..."

"हळद असती तर साबणाने लाल झाली असती. आईला विचारा!"

बाबांनी तांब्यात बोटं घालून चोळून पाहिली. मग धोंडूकडे वळले. "तू रोज फिरतोस. कुंड पाहिलंस का रे?"

"आमी पुरुषमाणसां सायबानू, श्रावणात कशे जातलंव?"

"खोटं!" मी ओरडले. "मंगळवारी गोणपाट घेऊन कोण उतरलं होतं?"

धोंडू पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "नारळ आणूक गेल्लंय. रोज जातंय. हळद मी नाय टाकूक, आईशपथ."

"आणि पाणी?" बाबांचा आवाज बदलला होता.

"पिवळाच असता. शुक्रवार नसलो तरी. आदी फिकट व्हता, आता जास्ती." तो मान वर करेना. "सांगलंय असतंय तर तुमी इचारलं असतां, तू थंय कशाक गेल्लंस?"

म्हणजे चोर धोंडूच, पण नारळांचा. आणि नारळ लपवता लपवता त्याने काय लपवलं होतं, ते त्यालाही आत्ता कळत होतं.

बाबांनी चपला काढल्या आणि कुंडाच्या पायऱ्या उतरले. वर बायकांचा एकच गलका. "अहो, श्रावण आहे!" बाबांनी हात जोडले आणि तसाच हात भेगेत घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत ओली पिवळी माती होती. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"आईने हळद म्हटलं, मी ऐकून घेतलं," ते एवढंच म्हणाले.

मग तलाव उतरवायला मोरीची, म्हणजे बांधाखालून पाणी सोडायच्या वाटेची, झडप उघडायचं ठरलं. सोपं नव्हतं ते. भरला तलाव सोडून द्यायचा म्हणजे उन्हाळ्यात सगळं मुलुंड कळश्या घेऊन आमच्या दारात. पण बाबांनी आणि धोंडूने मिळून चाक फिरवलं. मी नि कमळ पाड्यात पळालो, लोकांना शाळेत हलवायला.

अंजनाबाई हलेना.

"माझे वाफे टाकून? कोण म्हणतं बांध फुटणार? जागा रिकामी करून बंगले बांधायचा डाव दिसतोय तुझ्या बापाचा."

"अहो मावशी, खरंच..."

"तू गप. मघाशी साबण घेऊन देवी धुवायला निघालेलीस."

तेव्हा कमळने आपलं दप्तर उचललं, धाकट्या भावाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आये, तू राहा तुझ्या भेंड्यांपाशी. आम्ही चाललो." आणि खरंच चालायला लागली. अंजनाबाईने एक शिवी हासडली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग कोंबडी काखेत मारून मागून आली.

तलाव दिवसेंदिवस उतरत गेला. एका सकाळी, बांधाच्या आतल्या बाजूच्या दगडी फरसबंदीत, जिथे एरवी पाणीच असायचं तिथे, एक काळं भोक उघडं पडलं. घमेलं सहज आत जाईल एवढं. कुणी म्हणालं घुशी, कुणी म्हणालं कुजलेलं मूळ. खात्याचे साहेब मोटारीतून आले, वाकून पाहिलं आणि हातातली छत्री मुठीपर्यंत आत घातली. अंजनाबाईही आली होती. भोकाकडे पाहिलं, मग बांधापलीकडे खाली आपल्या कौलांकडे.

"पमे," ती म्हणाली, "तो साबण कुठला गं?"

आता भोक बुजवायचं काम चालू आहे. बंगल्यांतून कुजबुज सुरू झालीय की ओव्हरसियरने पाणी कुणालातरी विकलं. बाबा ऐकतात आणि काही बोलत नाहीत. मी बोलते.

तलाव भोकाच्या खाली उतरल्यामुळे श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी पाडा परत नांदता झाला होता. अंजनाबाई कुंडाच्या पायरीवर ठाण मांडून होती. कुणालाही पाण्यात हळद टाकू देईना. आधी स्वतः ओंजळ भरली, उन्हात धरली, बोटांनी चोळून बघितली.

"नितळ आहे. वाहा आता, पण त्या दगडावर."

मग मान वर केली. बांधावर धोंडू उभा होता.

"काय रे, काय बघतोस?"

"पाणी बघतंय."

"पाणी की नारळ?"

अंजनाबाईने एक नारळ उचलला आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडे भिरकावला. त्याने झेलला, कानाशी धरून हलवून पाहिला, आणि मगच हसला.