डोळ्यासमोरची सही

आमच्या घराण्याचा धंदा कुलपांचा, म्हणजे खरं तर संशयाचा. लोकांनी एकमेकांवर विश्वास ठेवला असता तर आम्ही उपाशी मेलो असतो. आजोबांच्या दुकानात एकच नियम होता: किल्ली घडत असताना मालक समोर उभा हवा. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, 'ठेवून जातो, संध्याकाळी नेतो' म्हणालं की आजोबा कुलूप परत त्याच्या हातात देत. मालकाच्या पाठीमागे घडलेली किल्ली चोराचीच, असं ते म्हणत. आत्याने हा नियम दुकानातून उचलला आणि सगळ्या आयुष्याला लावला. औषधाची बाटली तिच्यासमोर उघडायची, वाण्याने तिच्यासमोर तोलायचं, आणि आईने आजोबांचं कपाट आवरायला घेतलं तर तेही तिच्यासमोरच.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. शाळा संपली तशी कानस हातात घेऊन आजोबांच्या शेजारी बसली ती बसलीच, आणि राहायलाही दुकानाच्या मागच्या खोलीत. बाबा ऑफिसात गेले. त्यांना अजून साधा स्क्रू पिळता येत नाही. दुकान मात्र आजोबांच्या नावावर होतं. ते हातचं गेलं की आत्याची भाकरीही जाणार आणि छप्परही. त्यामुळे आजोबा थकून आमच्या घरी राहायला आले आणि मृत्युपत्राची भाषा बोलू लागले, तेव्हा आत्याची झोप उडाली.

त्यात सगळी खटपट केली आईने. तिथेच माशी शिंकली. वकीलबाई आईच्या मैत्रिणीच्या ओळखीच्या निघाल्या. त्या घरी आल्या तेव्हा आजोबांनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि फक्त आईला ठेवून घेतलं. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि त्यांच्या कानाशी कसं बोलायचं ते तिला जमायचं, एवढंच कारण. पण बंद दाराला कारण दिसत नाही. आई बाहेर आली ती तोंडात मूग धरून. आत्याने आडून विचारलं, मग सरळ विचारलं. आई म्हणाली, त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलंय.

"काहीतरी पाणी मुरतंय," आत्या मला म्हणाली. "सासऱ्याची एवढी सेवा कुणी उगाच करत नाही."

मला आत्याचा राग आला. आजोबांची अंघोळ, औषधं, रात्रीबेरात्रीची उठबस, सगळं आई करत होती आणि आत्या रविवारी येऊन गादीखाली हात घालून बघत होती. पण खोटं कशाला बोलू? पाल माझ्याही मनात चुकचुकलीच. आईवर लेकीने संशय घेऊ नये हे खरं, पण मीही त्याच घराण्यातली.

कागद तयार होऊन आला. सहीच्या दिवशी वकीलबाई कोर्टात अडकल्या होत्या. साक्षीला कोण हवं ते त्यांनी आईला फोनवर सांगितलं होतं. आमचे डॉक्टर आले, आणि आत्याच्या शेजारच्या दुकानातले घड्याळवाले काका आले. आत्या दुकान बंद करून, न बोलावता आली. आजोबांनी कुलपं पुसायचं जुनं फडकं मजकुरावर पसरलं आणि खालची सहीची जागा तेवढी उघडी ठेवली. तेही शेवटी त्याच घराण्यातले. डोळ्यांवर चष्मा सरळ करून त्यांनी सही केली. डॉक्टरांनी केली. घड्याळवाल्या काकांनी पेन घ्यायला हात पुढे केला, तोच आत्या मध्ये आली.

"साक्षीला मी सही करणार," ती म्हणाली. "डोळ्यासमोर झालं नाही ते झालंच नाही. उद्या मधलं पान बदललं तर काका काय सांगणार?"

"वन्सं, तुम्ही नका करू," आई म्हणाली. "काकांना करू द्या. साक्षीला बाहेरचेच दोघे हवेत, वकीलबाईंनी सांगितलंय."

"बाहेरचे का? मी का नको?"

आईने आजोबांकडे पाहिलं. त्यांना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. ते फडक्याची कड नीट करत होते.

"तुमच्या भल्याचं सांगतेय," आई म्हणाली.

झालं. कुणी 'तुमच्या भल्याचं' म्हटलं की आत्या आधी आपली पिशवी चाचपते. माझ्या भल्याची काळजी तुला कधीपासून, असं तिने विचारलं, आणि बरंच काही विचारलं, ते मी इथे सांगत नाही. आईचा चेहरा उतरला. तिने आजोबांच्या कानाशी वाकून सांगितलं की वन्सं साक्षीला सही करायची म्हणताहेत, करू देऊ नका. आजोबांना पहिला अर्धाच भाग ऐकू आला, आणि त्यांना केवढा आनंद झाला.

"करू दे की. मीच शिकवलंय तिला."

आत्याने टेबलावर दाबून सही केली. वर, फडकं न हलवता, आपल्या जुडग्यातली एक किल्ली काढून प्रत्येक पानाच्या कडेला तिचे दाते उमटवले, म्हणजे पान बदलायची सोयच नको. घड्याळवाले काका चहा पिऊन गेले. आई दिवसभर वकीलबाईंना फोन लावत राहिली, तो लागला नाही. आईला रंगेहाथ पकडल्यासारखी आत्या खुशीत होती.

दुसऱ्याच पहाटे आजोबा झोपेत गेले. रडणं आवरलं, माणसं पांगली, आणि मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करून घ्यायचं म्हणून आम्ही चौघं वकीलबाईंच्या ऑफिसात बसलो. आत्याने आधी पानांच्या कडांवरून बोट फिरवलं. दाते होते तिथेच होते. मग वकीलबाईंनी वाचलं: दुकान आणि मागची खोली माझ्या मुलीला. उरलेलं सगळं मुलाला.

आत्या ओक्साबोक्शी रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिने आईचा हात धरला, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात वकीलबाईंनी शेवटचं पान उलटलं. डॉक्टरांच्या खालची सही त्यांनी वाचली, आत्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली.

"ही तुमची सही?"

आत्या अभिमानाने हो म्हणाली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कागद खरा ठरेल, पण तुमचं कलम गळून पडेल. दुकान उरलेल्यात जाईल. म्हणजे तुमच्या भावाकडे."

आत्याने स्वतःच्या हाताने, तेही टेबलावर दाबून, आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तिने आईचा हात सोडला. कुणी काही बोलायच्या आत ती जिना उतरून गेली, दुकानात शिरली आणि आतून कडी घातली.

पुढचे दिवस वाईट गेले. दुकान आता बाबांचं होणार ही बातमी गल्लीत फुटली, आणि कोपऱ्यावरचा मोबाइलवाला घरी येऊन बसला. त्याला जागा हवी होती. बाबांनी त्याला नाही म्हटलं नाही. बघू, घाई काय आहे, एवढंच म्हणाले. बाबा गरीब स्वभावाचे, आयुष्यात त्यांच्याकडे कुणी असं मागायला आलं नव्हतं. पण मला त्यांची चीड आली. आणि आईचीही. ती सकाळी भाजी निवडायची, दुपारी भांडी लावायची आणि गप्प बसायची. हिला सगळं ठाऊक होतं, माझ्या डोक्यात फिरत होतं. एक वाक्य बोलली असती तर?

मोबाइलवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. मग ती बाबांसमोर येऊन बसली.

"दुकान वन्संचं आहे," ती म्हणाली. "मामंजींनी माझ्या कानाशी सांगितलंय. बक्षीसपत्र करून द्या. नाहीतर मी त्यांच्याकडे राहायला जाते."

बाबा त्याच दिवशी तयार झाले. दुकान एकदा कोर्टाच्या वाटेने त्यांच्याकडे आलं की ते बहिणीला बक्षीस देता येतं, हे वकीलबाईंनी समजावलं होतं, आणि कोर्टाचं काम उरकताच आम्ही पुन्हा त्याच ऑफिसात जमलो. साक्षीला डॉक्टर आणि घड्याळवाले काका. काकांनी या वेळी आल्या आल्या पेन ताब्यात घेतलं. आत्याने कागद ओढला आणि वाचायला बसली. दुधाने तोंड पोळलेलं होतं; एकेक ओळ बोटाने, मग परत वरून. कुणी घाई केली नाही. वाचून झाल्यावर ती कागदाकडेच बघत आईला म्हणाली,

"त्या दिवशी तुला कारण ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला दुकान मिळणार हे सांगितल्यासारखं झालं असतं. मामंजींना शब्द दिला होता." आई म्हणाली. "आणि वन्सं, शब्द मोडून सांगितलं असतं, तरी तुम्ही विश्वास ठेवला असता?"

उत्तर आत्याला येत होतं, बोलायला जड जात होतं.

"नसता ठेवला," ती म्हणाली. "म्हटलं असतं, माझी सही टाळायला थापा मारतेस."

मी मान खाली घातली. मीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आत्याने आईला दुकानात बोलावलं. आमच्या दुकानाची किल्ली जन्मापासून एकच, दुसरी कुणाला दिलेली नाही, बाबांनासुद्धा नाही. आत्याने कोरी किल्ली पकडीत धरली आणि घासायला घेतली. आई म्हणाली, होऊ द्या, तोवर मी भाजी घेऊन येते. आत्याने कानस थांबवली.

"उभी राहा इथे," ती म्हणाली. "मालक समोर हवा."

आई उभी राहिली. किल्ली लागली, कुलूप फिरलं, आईने ती कमरेला खोचली आणि घरी येऊन बराच वेळ रडली.

पुढच्याच महिन्यात आत्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने दुकानाचं कुलूप बदललं. मग आईला निरोप पाठवला, आणि पुन्हा समोर उभं करून नवी किल्ली घासून दिली.