चारशे सतरा नंबर

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या त्या छोट्या गावात माणसं एक वेळ लग्नाची तारीख विसरतील, पण सहकारी दुकानातला आपला सभासद नंबर विसरणार नाहीत. डोरीनच्या तोंडात तिच्या नवऱ्याचा, वासिलचा, नंबर बसला होता: चारशे सतरा. वासिल जाऊन चौदा महिने झाले, तरी दूध-पाव घेताना ती तोच सांगायची आणि गल्ल्यावरची बाई मुकाट्याने तोच बिलावर घालायची.

खरं तर गेलेल्या सभासदाचं नाव सभेत वाचून नंबर बंद करायचा, हा नियम दुकानाच्या संचालक मंडळावर असलेल्या डोरीननेच भांडून करून घेतला होता.

मंडळाच्या मार्चच्या सभेत अध्यक्ष ऑरेस्टने तीन नावं वाचली. मग डोरीनकडे न बघताच म्हणाला, "चला, पुढचा विषय. मांसाचा फ्रीजर."

"थांब," डोरीन म्हणाली. "एक नाव राहिलंय. दर महिन्याला राहतंय. वासिल हलुष्का, चारशे सतरा. बंद करावा, असा माझा ठराव."

ठरावाला अनुमोदन लागतं. टेबलाभोवतीचे सहाही जण आपापल्या कॉफीत बघत बसले.

"अरे, दातखीळ बसली का सगळ्यांची?" ती कडाडली. "नियम म्हणजे नियम. द्या की कोणीतरी अनुमोदन!"

ऑरेस्टने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, चौदा महिने आम्ही तुमच्याच तोंडाकडे बघत होतो," तो म्हणाला. "वाटलं, तुम्हीच एकदा त्याचं नाव घेतलंत, की आम्हाला सोपं जाईल. पण अनुमोदनाला हात काही वर होत नाही हो."