चौथ्या घरासमोरची मारामारी

पहिल्या घरासमोर मारामारी झाली ती मी योगायोगाच्या खात्यात टाकली. दुसऱ्या घरासमोर झाली ती नाशिकच्या नावावर लिहिली, शहर वाढतंय तर हात उचलणारेही वाढणारच. तिसऱ्या घरासमोर झाली तेव्हा मात्र मारणाऱ्याचं तोंड मला ओळखीचं वाटलं, आणि आमच्या धंद्यात ओळखीचं तोंड कुणी फुकट सोडून देत नाही.

धंदा म्हणजे घरं दाखवण्याचा. गिऱ्हाईक होतं अमोल. मनमाडला रेल्वेत लागला आणि बढतीमागे जाता जाता गुवाहाटीला पोचला. त्याला नाशकात घर हवं होतं ते आईसाठी. ही लंकाबाई. मखमलाबादकडे शेवंती आणि झेंडू लावण्यात हयात गेलेली. नवरा गेल्यावर धाकट्या नवनाथकडे राहायला आली. नवनाथचा फुलांचा गाळा आहे. पहाटे उठून आईने हार ओवायचे, मुलाने विकायचे, आणि थोरला आईच्या खर्चाला म्हणून जे पाठवायचा तेही नवनाथच्याच खात्यावर यायचं. म्हणजे आई त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी जमा होती. एक दिवस तिने फोनवर अमोलला सांगितलं की मला दोन खोल्या घेऊन दे, मी एकटी राहते. कारण सांगितलं नाही. अमोल समजूतदार, त्यामुळे त्याने विचारलंही नाही.

आता तिकडे बसून घर बघायचं म्हणजे इकडे कुणीतरी फोन धरायला हवा. मी म्हटलं, मी धरतो. अमोल म्हणाला, छे, सख्खा भाऊ गावात असताना एजंटच्या हातात फोन दिला तर नवनाथला काय वाटेल, चार लोक काय म्हणतील. मान राखला पाहिजे. तर मान राखला गेला. ज्या एका माणसाला आईचं घर व्हायला नको होतं, त्याच्याच हातात घर बघायचा डोळा दिला. आईला मात्र शेवटी न्यायचं ठरलं, घर पसंत पडल्यावर, नारळ फोडायला.

पहिलं घर पाथर्डी फाट्याला, दुसऱ्या मजल्यावर. रविवारची दुपार, अमोल आणि त्याची बायको निकिता दोघं फोनवर. हॉल झाला, किचन झालं, बेसिनचा नळ सोडून झाला. मग नवनाथ फोन घेऊन बाल्कनीत गेला. म्हणाला, दादा, शेजारपाजार पण बघून घे. दादाने बघितलं. खाली एकाने दुसऱ्याला स्कूटरवरून कॉलर धरून ओढला आणि कानफटात द्यायला सुरुवात केली. आवाज वरपर्यंत आला. मग चप्पल निघाली. शिव्या अशा की निकिताने पोरीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. घर कटलं.

दुसरं जेलरोडला, रो हाऊस, पुढे तुळशीला जागा. तिथे फाटकासमोरच जुंपली. या खेपेला मारणाऱ्याने त्या माणसाला विजेच्या मीटरच्या पेटीवर आपटला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तो भिंत चाचपत खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा नवल जास्त होतं, उधारी मागायला आलेल्याने अचानक घरच लुटावं तसं. नवनाथ फोन स्थिर धरून उभा होता. इतका स्थिर हात त्याचा किचन दाखवताना नव्हता.

तिसरं म्हसरूळला. इथे मारत होता तो भुवईला टाके पडलेला माणूस, आणि मार खात होता तो आधीच्या दोन्ही वेळचा मारणारा. टाकेवाल्याने त्याची मान बगलेत पकडली आणि कंपाउंडच्या भिंतीच्या कडेला तोंड दाबून घासलं. एकदा, मग परत. खालच्याने ओठातून रक्त आणि दाताचा तुकडा थुंकला. मी फाटकाशी उभा होतो, त्यामुळे टाकेवाला त्याच्या कानात जे बोलला ते मला ऐकू आलं.

"मागच्या टायमाला तू खरं मारलंस. आता घे."

फोनमधून निकिता म्हणत होती की नाशिकला झालंय तरी काय.

दोघांना शोधायला मला फार फिरावं लागलं नाही. पंचवटीच्या भाजीबाजारात पोती उतरवतात. भुवईवाला कुंदन, दातवाला मयूर. कुंदनला मी चहा पाजला, आणि तो मारापेक्षा चहाने लवकर बोलता झाला. नवनाथने ठरवून दिलं होतं की आधी दोनदा मयूरने मारायचं, मग दोनदा कुंदनने, आवाज मोठा करायचा पण लागू द्यायचं नाही. पहिल्या वेळी लागलं नाही. दुसऱ्या वेळी मयूर थोडा पिऊन आला होता. तिसऱ्या वेळचं मी बघितलंच. आता मयूर बाजारात सांगत फिरतोय की एक दात गेला, कुंदनचा जीव गेल्याशिवाय हिशोब बरोबर होत नाही. कुंदनला मी म्हटलं, मग पुढच्या घराला जाऊ नकोस. तो म्हणाला, न जाऊन कसं चालेल, मयूरला वाटेल मी भ्यालो.

नवनाथकडे गेलो. त्याने काही नाकारलं नाही. गाळ्याच्या मागे नेलं, खुर्ची दिली आणि सरळ बोलला.

"आई गेली तर हार कोण ओवणार, लहानूभाऊ? बाहेरची बाई पगार मागते, वर सुट्टी मागते. तुमचं कमिशन माझ्याकडून घ्या. फक्त घर मिळू देऊ नका."

मी म्हटलं, विचार करतो. त्यावर माझी कॉलर सरळ करतो असं म्हणत त्याने माझ्या गळ्याच्या घाटीवर अंगठा टेकवला आणि हसत हसत दाबला. बाहेर गिऱ्हाईक गजरा मागत होतं, त्याला तो भाव सांगत होता, आणि अंगठा तसाच. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा त्याने हात काढला, कॉलरवरची फुलाची पाकळी झटकली आणि म्हणाला, करा विचार.

विचार मी केला. अमोलला सगळं सांगून टाकणं सोपं होतं, पण भावाची चहाडी भावाकडे केली की दोघे भाऊ एक होतात आणि एजंट उघडा पडतो, हे मी अनेक घरांत बघितलंय. म्हणून अमोलला एवढंच सांगितलं की तीन घरं आईंना न दाखवता बघितली, तिन्ही कटली, चौथं आईंनाच दाखवू, आणि फोन मी धरतो. आईचं नाव घातल्यावर त्यात नवनाथचा अपमान होत नव्हता. अमोल लगेच हो म्हणाला. आईंना आणणार होता नवनाथ, त्याला पत्ता मी ऐन वेळी सांगितला. पण माझा इथे एक हिशोब चुकला. चौथं घर पंचवटीतच होतं, आणि मयूर-कुंदनला बाजारातून तिथे यायला एक बिडी ओढण्याइतकाच वेळ पुरे होता.

घर म्हणजे गल्लीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. मालक मुलाकडे राहायला गेलेला, किल्ली शेजारच्या सखुबाईकडे. सखुबाई भाजी विकते, आणि तिची नजर तराजूसारखी, समोरच्याला आधी तोलते, मग बोलते. तिने लंकाबाईला तोललं आणि पाणी दिलं. नवनाथला तोललं आणि पाणी दिलं नाही.

कुलूप निघालं. मी फोन लावला. अमोल दिसला, निकिता दिसली. लंकाबाईने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागे गल्लीत मयूर आला.

या खेपेला शिव्या नव्हत्या, स्कूटर नव्हती, आवाज मोठा करणं नव्हतं. कुंदन पाणटपरीपाशी उभा होता, ठरल्याप्रमाणे पहिली शिवी घालायला तोंड उघडत होता. मयूरच्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा होता. त्याने तो वरून खाली आणला. आकडा कुंदनच्या खांद्यात मानेजवळ शिरला आणि मयूरने पोतं ओढावं तसा ओढला. शर्ट फाटला, मांस फाटलं, कुंदन गुडघ्यांवर आला. मयूरने लाथ घातली ती त्याच्या तोंडावर. दुसरी लाथ टाक्यांवर, ते उसवले. कुंदन एका हाताने आकडा धरून ओरडला.

"नवनाथभाऊ, याला आवरा. असं ठरलं नव्हतं आपलं."

फोन माझ्या हातात होता. गुवाहाटीत सगळं दिसलं आणि ऐकूही गेलं. मी नवनाथकडे बघितलं. त्याने कुंदनकडे बघितलं नाही. आईचं मनगट पकडलं आणि म्हणाला, चल इथून.

त्यानंतर जे झालं ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. गल्लीतली दारं उघडली. एक नाही, सगळी. मागच्या तीन ठिकाणी खिडक्या उघडल्या होत्या, फोन बाहेर आले होते, माणूस एकही आला नव्हता. इथे माणसंच आली. दोन बाया लाटणी घेऊन, एक अर्धी दाढी केलेला माणूस, पलीकडच्या देवळातला पुजारी सोवळ्यात. त्याने तांब्यातलं पाणी मयूरच्या डोळ्यांत मारलं आणि मग तांब्याच कपाळावर हाणला. मयूर धडपडला, तसा अर्ध्या दाढीवाल्याने त्याचा आकड्याचा हात पाठीमागे पिळला. खटकन आवाज झाला. आकडा कुंदनच्या खांद्यातच राहिला. मग मयूर खाली आणि गल्ली त्याच्या अंगावर. लाटणी पडत होती, लाथा पडत होत्या, कुणीतरी बादलीने मारत होतं. गल्लीने अनेक दिवसांचं काही कुणाच्या तरी नावावर मांडून ठेवलं होतं, ते सगळं मयूरच्या अंगावर वसूल झालं. तो हात जोडायला बघत होता, पण एकच हात उचलत होता.

इकडे नवनाथ आईला ओढत होता. ती उंबऱ्याच्या लाकडाला धरून होती. त्याने झटका दिला तशा तिच्या, नवरा गेल्यावरही न काढलेल्या बांगड्या फुटल्या, काच मनगटात घुसली, रक्त पायरीवर पडलं. मी फोन टाकून त्याला धरायला हवं होतं. मी एका हाताने फोन धरून दुसऱ्याने त्याचा शर्ट ओढत होतो. फोन पडला असता तर गिऱ्हाईक तुटलं असतं. सखुबाईला असलं काही राखायचं नव्हतं. ती आतून कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन आली आणि दोन्ही हातांनी उचलून नवनाथच्या मनगटावर घातलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, ओली फांदी मोडावी तसा. नवनाथ किंचाळला आणि हात सुटला. सखुबाईने परत धोपाटणं उचललं, तेव्हा तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा हात पोटाशी धरून झुलू लागला.

कुंदनला आकड्यासकट रिक्षात घातला. पुजारी सोबत गेला, विटाळ-बिटाळ बाजूला ठेवून. मयूरला विजेच्या खांबाला धरून बसवला, पोलिसांना फोन झाला. रस्त्यावरच्या रक्तावर कुणीतरी बादली ओतली.

मग फोनमधून अमोल बोलू लागला. म्हणाला, लहानूभाऊ, आईला तिथून बाहेर काढा. हे घर नको. असल्या गल्लीत उद्या मुडदे पडतील. दुसरं बघा, भाव जास्त असला तरी चालेल, गेटवर वॉचमन असलेलं बघा. निकिताही तेच म्हणत होती. नवनाथने पायरीवरून डोकं वर केलं. एवढा मार खाऊनही त्याचं काम झालं होतं, आणि ते त्याला कळलं होतं.

लंकाबाईने मनगटातली काच दोन बोटांनी उपटली, माझ्या हातातून फोन घेतला. तो तिला नीट धरता येत नव्हता, त्यामुळे अमोलला तिचं अर्धं कपाळ आणि छतच दिसत असणार.

"तुझ्या भावाच्या बिल्डिंगीला वॉचमन हाय," ती म्हणाली. "चार मजले हायेत. ह्यानं माझा हात पिळला, मी लय वरडले. एक दार नाय उघडलं. समोरच्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला. हितं मी वरडायच्या आधीच बाया आल्या. मला हेच घर पायजे."

अमोलने हळूच विचारलं की कधीपासून. तिने फोन माझ्याकडे परत दिला. स्क्रीनवर निकिता नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. अमोल म्हणाला, लहानूभाऊ, इसाराचं बोलून घ्या.

नवनाथ पायरीवरून आईकडे बघत होता. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं, हात विचित्र कोनात. तोंड रडकुंडीला आलेलं, पण सवयीचा हुकूम अजून गेला नव्हता.

"आई, दवाखान्यात चल माझ्यासोबत."

लंकाबाईने त्याच्या हाताकडे बघितलं. पदर धरलेला हात त्याच्याकडे पुढे आला, थोडासा, आणि मागे गेला.

"लहानूभाऊ, त्याला रिक्षा करून द्या," ती मला म्हणाली. "मला अजून मोरी बघायचीय."

आणि सखुबाईला पाणी किती वाजता येतं ते विचारत ती आतल्या खोलीत गेली.